दिवा लागतो, मग गाडी का सुरू होत नाही?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील गॅरेजांत पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : “दिवा लागतो, हॉर्न वाजतो, पण बटन दाबले की नुसती टक-टक!” म्हणजे बॅटरी ठीक आहे, असे मालकाला वाटते. हा तर्क कुठे चुकतो, ते बटन-स्टार्टच्या इतिहासातून उलगडते.

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे सौम्य सल्फ्युरिक आम्लात ठेवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट बनवला. तरीही पुढे कितीतरी वर्षे मोटारी हँडल मारूनच सुरू कराव्या लागत. हँडल उलटे फिरले तर हात मोडे. हे काम विजेने करायचे तर फार मोठी मोटर लागेल, असा समज होता. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी आधी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. छोट्या मोटरकडून काही क्षणच काम घ्यायचे असेल, तर तिला भरपूर विद्युतधारा देता येते, हे त्यांना ठाऊक होते. याच तत्त्वावर त्यांचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला.

आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने दुचाकीचे बटन लोकांच्या परिचयाचे केले. किकच्या अनेक गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटो देई, त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी सुरू होई. २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींत इंधन फवारणीची यंत्रणा आली. तिच्या पंपालाही वीज लागते.

आता गणित पाहू. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध समजा ०.१ ओहम आहे. दिव्याला ३ अँपिअर लागतात, म्हणजे घट होते फक्त ०.३ व्होल्टची. पण स्टार्टर ६० अँपिअर मागू लागला तर ६ व्होल्ट आतच खर्च होतात! १२.६ पैकी उरतात ६.६. रिले टक करतो, मोटर फिरत नाही. गंजलेला सांधाही असाच रोध वाढवतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा : प्रथम बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत. मग व्होल्टमीटर टोकांना लावून बटन दाबावे. विभवांतर साडेनऊ व्होल्टच्या बरेच खाली गेले, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. ते फारसे ढळले नाही, तर दोष पुढे आहे : रिले, जाड तारा किंवा मोटरचे कार्बन ब्रश. शेवटी इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट दिसतात का, ते पाहावे. दिसत नसतील तर नवी बॅटरीही लवकरच उतरेल.

वर्गात यासाठी गाडी लागत नाही. टॉर्चचा वापरलेला सेल घ्या. आधी नुसता आणि मग बल्ब जोडून त्याचे विभवांतर मोजायला लावा. दोन आकड्यांतील फरक विद्यार्थ्यांना अंतर्गत रोधाची ओळख करून देईल, आणि एखाद्या घरचा बॅटरीचा खर्चही वाचवेल.