एकाच पत्त्याचे दहा संगणक

एका नावाची दोन गावे शेजारी वसली, की लोक एकाला बुद्रुक म्हणतात, दुसऱ्याला खुर्द. गावे लांब असली तर आणखी एखादी खूण जोडतात: जळगाव जिल्ह्यातले पिंपळगाव हरेश्वर, नाशिक जिल्ह्यातले पिंपळगाव बसवंत. नाहीतर पत्र भलत्याच गावी जायचे. संगणकांच्या जाळ्यातही हीच अडचण येते, याचा अनुभव आम्ही धुळे जिल्ह्यातील एका शाळेत घेतला.

तेथे प्रयोगशाळेसाठी तळहाताएवढे, एकाच बोर्डावर मांडलेले दहा स्वस्त संगणक आणले होते. एका मेमरी कार्डावर सर्व तयारी केली आणि त्याच्या नऊ हुबेहूब प्रती काढल्या. एक संगणक जोडला की जाळे नीट चाले. दुसरा जोडताच दोघेही अडखळत. केबल बदलून पाहिल्या, स्विच बदलून पाहिला. अखेर दहाही संगणकांचे हार्डवेअर पत्ते कागदावर उतरवले, तेव्हा दिसले की पत्ता एकच आहे.

हा पत्ता आला कोठून? 1973 साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची उभारणी सुरू केली. एका सामायिक केबलवरून सारे संगणक बोलत आणि प्रत्येक निरोपावर घेणाऱ्याचा व पाठवणाऱ्याचा पत्ता असे. पत्ता 8 बिटांचा होता, म्हणजे एकूण आकडे फक्त 256. एका इमारतीला ते पुरत. पण संगणक दुसऱ्या जाळ्यात नेला, तर तोच आकडा तेथे आधीच कोणाकडे तरी असायचा.

या प्रश्नावर ज्यांनी विचार केला, त्यांत मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी योगेन दलाल होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना, 1974 साली, त्यांनी व्हिंट सर्फ व कार्ल सनशाइन यांच्याबरोबर इंटरनेटच्या टीसीपी या नियमावलीचा पहिला आराखडा लिहिला होता. झेरॉक्समध्ये त्यांनी व रॉबर्ट प्रिंटिस यांनी असे मांडले, की आकडा जाळ्याने देऊ नये. तो यंत्राला जन्मतःच मिळावा आणि जगात पुन्हा कोणाला मिळू नये. सप्टेंबर 1980 मध्ये डीईसी, इंटेल व झेरॉक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या इथरनेटच्या प्रमाणात 48 बिटांचा पत्ता आला. त्यामागची कारणमीमांसा या दोघांनी 1981 च्या निबंधात दिली.

हा पत्ता 12 चिन्हांत लिहितात. चिन्हे 0 ते 9 आणि ए ते एफ. पहिली सहा चिन्हे उत्पादकाची. ती आधी झेरॉक्स देत असे, पुढे हे काम आयईईई या संस्थेकडे गेले. उरलेली सहा उत्पादकाने क्रमाने वापरायची. त्यांतून 1,67,77,216 पत्ते होतात.

या व्यवस्थेत वाटप नेटके आहे, पण तपासणी नाही. आधारचा 12 अंकी क्रमांक पाहा. त्याची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाली. तेथे नव्या माणसाचे बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे आधीच्या नोंदींशी ताडतात. इथरनेटमध्ये असे ताडणारे कोणी नाही. यंत्र जो पत्ता सांगेल, तो खरा.

बहुतेक यंत्रांत पत्ता चिपमध्ये कोरलेला असतो. आमच्या बोर्डांवर तशी सोय नव्हती; पत्ता कार्डावरील एका फाइलमध्ये लिहिलेला होता. कार्डाबरोबर त्याचीही प्रत निघाली. कोणता पत्ता कोणत्या तोंडावरून शेवटी ऐकू आला, याची नोंद स्विच ठेवतो. दोन संगणक एकच पत्ता सांगू लागले, की ती नोंद सारखी बदलते आणि एकाचे निरोप दुसऱ्याकडे जातात.

उपाय सोपा निघाला. आयईईईच्या प्रमाणात एक बिट ‘हा पत्ता स्थानिक आहे’ एवढे सांगण्यासाठी राखलेला आहे. सुरुवातीला 02 लिहिले, की तो बिट लागतो आणि उत्पादकांनी वाटलेल्या पत्त्यांशी टक्कर होत नाही. उरलेली दहा चिन्हे आम्ही प्रत्येक बोर्डाच्या मुख्य चिपच्या अनुक्रमांकावरून घेतली, दहाही पत्ते एकमेकांशी ताडले आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवले.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. मुलांना शाळेतील संगणकांचे व घरच्या मोबाइलचे वाय-फाय पत्ते लिहून आणायला सांगा. दुसरे चिन्ह 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नव्हे, स्थानिक आहे. आजचे बरेच मोबाइल, माग काढता येऊ नये म्हणून, मुद्दाम असा पत्ता धारण करतात.