शतक गाळलेलं साल

मोडी कागद वाचायला बसलेल्या माणसाला अक्षरं सहा महिन्यांत वश होतात. साल आयुष्यभर छळतं. पत्राखाली चंद्र असतो, महिना असतो, साल पुष्कळदा नसतंच. असलं तरी ‘सन इहिदे सबैन’ एवढंच. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर. झाले एकाहत्तर. पुढचं शतक लिहिणाऱ्याने गाळलेलं असतं, कारण त्याला त्याची गरज नव्हती आणि ज्याला पत्र जायचं होतं त्यालाही नव्हती. प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. शुहूर १०७१ धरलं तर इसवी १६७०-७१, म्हणजे शिवाजी महाराजांचा काळ. ११७१ धरलं तर १७७०-७१, म्हणजे थोरले माधवराव. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांची किती वर्षं या एका उठाठेवीत गेली असतील, त्याचा हिशेब नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस याच पुण्यात तरुण मुलं-मुली काचेच्या पडद्यासमोर बसून जवळजवळ हेच काम करत होती. दुसऱ्याने, दुसऱ्या देशात, तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले प्रोग्राम वाचायचे, आणि त्यातलं शतक गाळलेलं साल कुठे कुठे आहे ते हुडकायचं. पुण्याच्या संगणक-उद्योगाचा इतिहास आपण सांगतो तो हिंजवडीच्या इमारतींचा, पगारांचा आणि वाहतूक कोंडीचा. माझं म्हणणं असं आहे, की या उद्योगाचा पाया परक्याचं लिखाण वाचण्याच्या कामावर घातला गेला, आणि तो इतिहास कुणी लिहिलेला नाही.

मी इंजिनिअर नाही. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेलं. मोडी वर्गाला जाऊन शिकलो आणि कोबॉल अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पुस्तकांवरून. दोन्ही भाषा मी फक्त वाचू शकतो. या लेखापुरतं तेवढं पुरेसं आहे.

शतक गाळण्यात आळस नव्हता, काटकसर होती. साठच्या दशकात भारतात ठिकठिकाणी आलेलं आयबीएमचं १४०१ हे यंत्र घ्या. त्याची स्मृती कमीत कमी १,४०० अक्षरांची आणि जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. हा लेखसुद्धा त्याच्या लहान यंत्रात मावला नसता. माहिती पंच कार्डांवर, एका कार्डावर ८० अक्षरं. विम्याच्या एका पॉलिसीत जन्मतारीख, सुरुवातीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख अशा तीन तारखा धरल्या आणि प्रत्येकीतले ‘१९’ गाळले, तर सहा अक्षरं वाचतात. दहा लाख पॉलिसींना साठ लाख अक्षरं, म्हणजे भरगच्च पंचाहत्तर हजार कार्डं. त्या काळच्या प्रोग्रामरला या बचतीबद्दल दोष देणं म्हणजे पेशव्यांच्या कारकुनाला ‘मया व अलफ’ का लिहिलं नाही म्हणून जाब विचारण्यासारखं आहे.

वाचनाच्या या धंद्याची सुरुवात पुण्यात नव्हे, मुंबईत झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ सालची. सत्तरच्या दशकाच्या मध्याला बरोज या अमेरिकन कंपनीकडून तिला काम मिळालं. रुग्णालयांसाठी लिहिलेली एक प्रणाली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरच्या कोबॉलमध्ये होती, ती दुसऱ्या जातीच्या यंत्रावरच्या कोबॉलमध्ये न्यायची होती. गंमत अशी, की मुंबईत बरोजचं यंत्रच नव्हतं. होतं ते ब्रिटिश बनावटीचं आयसीएल १९०३. मग त्यावर एक प्रोग्राम लिहिला गेला, जो पहिला कोबॉल वाचून दुसरा कोबॉल लिहून देई. माणसाने ओळ न् ओळ बदलण्याऐवजी प्रोग्रामने प्रोग्राम वाचायचा. परकीय चलनाच्या कायद्यापायी १९७८मध्ये आयबीएम देश सोडून गेली, आणि नवं यंत्र आणणं म्हणजे परवान्यांचं दिव्य झालं. यंत्र दुर्मीळ असलं, की असलेल्या यंत्राकडून सगळं करवून घ्यायची सवय लागते. आपल्याकडची ही सवय मला पुष्कळशी त्या टंचाईतून आलेली वाटते.

१९८१ हे पुण्याच्या दृष्टीने मोठं साल. जुलैत इन्फोसिस पुण्यात नोंदली गेली. दोन वर्षांनी ती बंगळुरूला गेली, आणि त्याबद्दल पुणेकर अजून हळहळतात. त्याच साली टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर पुण्यात निघालं. पुढे हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत असलेली ही संस्था कुठे गेली नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी हळहळत नाही आणि बोलतही नाही. फकीरचंद कोहली यांची ती कल्पना. पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे मुळात पदार्थविज्ञानाचे, आयआयटी कानपूरमधून आलेले. त्यामुळे एका छपराखाली सॉफ्टवेअरही आणि भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचे प्रयोगही. टाटा स्वच्छ हा फिल्टर ज्यांच्या घरी होता, त्यांनी हडपसरचं संशोधन रोज प्यायलं आहे.

या संस्थेत केशव नोरी आले, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. सत्तरच्या दशकात झुरिकच्या ईटीएच या संस्थेत पास्कल भाषेचा जो कंपायलर तयार झाला, त्याच्या कर्त्यांपैकी ते एक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्षातल्या कुठल्याच यंत्राची नसलेली एक काल्पनिक यंत्रभाषा बांधली. पास्कल त्या भाषेत उतरवायचं. मग कुठल्याही नव्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल तेवढी उभी केली, की काम झालं. पुढे जावानेही हीच वाट धरली. प्रोग्रामचा अर्थ वेगळा आणि तो ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र वेगळं, हा तो विचार. हडपसरला त्यातून दोन प्रकारची साधनं झाली. काही जुना प्रोग्राम वाचून कुठली माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणारी, आणि काही नव्या प्रणालीचं वर्णन घेऊन वेगवेगळ्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहून देणारी. दुसऱ्या प्रकारातलं मास्टरक्राफ्ट हे नाव त्या व्यवसायातले लोक ओळखतात.

‘माहिती कुठून कुठे जाते’ हे का हवं, तर वाय-टू-केचा खरा त्रास तिथे होता. तारीख ‘तारीख’ नावाच्या रकान्यातच असती तर चार दिवसांत काम आटोपलं असतं. पण एका प्रोग्राममधली तारीख दुसऱ्यात जाताना नाव बदलते, तिसऱ्यात तिचे तुकडे होतात, चौथ्यात ‘९९’ हा आकडा सालाचा नसून ‘माहिती संपली’ अशी खूण असतो. भांडारकर संस्थेत १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताच्या पोथ्यांचे पाठभेद जुळवत बसलेल्या पंडितांना हे काम समजावून सांगावं लागलं नसतं.

आणि उपाय तरी काय केला? पुष्कळ ठिकाणी रकाने रुंद केलेच नाहीत. ते महाग पडत होतं. एक मर्यादा ठरवली: पन्नासच्या खालचे आकडे दोन हजारांतले, वरचे एकोणीसशेतले. काहींनी ती मर्यादा वीसच घेतली होती, आणि २०२० उजाडलं तेव्हा हाच प्रश्न तिथे पुन्हा दारात उभा राहिला.

१९९०मध्ये पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स निघाली आणि उपग्रहावरून थेट परदेशी यंत्रावर काम करता येऊ लागलं. इथे भूगोल मदतीला आला. बँका आणि विमा कंपन्या दिवसभराचे व्यवहार रात्री एकगठ्ठा हिशेबात घेतात. त्याला बॅच म्हणतात. ती पहाटेपूर्वी संपलीच पाहिजे, नाहीतर सकाळी शाखा उघडत नाहीत. न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत पुण्यात सकाळचे साडेआठ. तिकडची रात्र सांभाळायला इकडची न्याहारी करून आलेली माणसं.

यातूनच परफॉर्मन्स ट्यूनिंगचं कौशल्य आलं. नाव भारदस्त आहे, काम घरगुती. डिस्कवरून एकेक नोंद आणणं म्हणजे वाण्याकडून साखर, चहा, मीठ यांसाठी तीन खेपा घालणं. एका खेपेत शंभर नोंदींचा गठ्ठा आणला की तासांची मिनिटं होतात. डेटाबेसला सूची नसेल तर एका नावासाठी सगळा तक्ता वाचावा लागतो. पेशवे दफ्तरात यादीशिवाय शिरलेला माणूस जसा एकेक रुमाल सोडत बसेल, तसा. मेनफ्रेमवर यंत्राच्या वापराप्रमाणे बिल येतं, म्हणून वाचलेला सेकंद थेट पैशात दिसतो. मात्र कार्यक्रम चालतच राहिला तर तो कुणी वेगवान केला, हे कुणाला कळत नाही.

मग वेब आलं. लोकांचा समज असा, की जुनं गेलं आणि नवं आलं. प्रत्यक्षात नवं जुन्याच्या पुढ्यात उभं राहिलं. रेल्वेचं आरक्षण ऐंशीच्या दशकात संगणकावर गेलं. इंटरनेटवरची तिकीटविक्री २००२ची. सकाळी दहाला तत्काळ उघडतं तेव्हा लाखो बोटं वेब सर्व्हरवर पडतात, पण जागा वाटणारी प्रणाली मागे असते आणि एक जागा एकालाच देता येते. प्रत्येक बोटासाठी मागच्या यंत्राशी नवी जोडणी उघडली तर मागचं यंत्र जोडण्या उघडण्यातच दमेल. म्हणून थोड्याच जोडण्या उघड्या ठेवून त्या आळीपाळीने वापरायच्या आणि बाकीच्यांना रांगेत थांबवायचं. ही रांग किती लांब ठेवायची, हाच ट्यूनिंगचा अर्धा भाग.

एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीची हाक दिली. बेकारभत्त्याचे अर्ज तुंबले होते, आणि खापर चाळीस वर्षं जुन्या कोबॉलवर फुटलं. संगणकाच्या इतिहासकार मार हिक्स यांनी मात्र त्याच वर्षी लिहिलं, की कोलमडला तो मुख्यतः पुढचा, नवा, जावात लिहिलेला भाग. मागचं कोबॉल चालत होतं. जुनं वाचायला माणसं ठेवली नाहीत, की दोष जुन्याला देणं सोपं जातं.

मला काळजी आहे ती साधनांची. पेशवे दफ्तर टिकलं, कारण इंग्रज सरकारला इनामांच्या चौकशीसाठी ते लागत होतं. प्रोग्रामांचे कागद कंपन्यांच्या मालकीचे, गुप्ततेच्या कराराखालचे. प्रणाली बंद झाली की तेही पुसले जातात. प्रोग्रामच्या डोक्यावर कोणी, कधी, काय बदललं याच्या टिपा असतात, त्यांत पुण्यातल्या कितीतरी माणसांची आद्याक्षरं असणार. आता यंत्रंच कोबॉल वाचून जावा लिहून देऊ लागली आहेत. त्यात त्या टिपा राहतीलच असं नाही.

माझ्या हाती आलेली एक दोनशेपानी वही तेवढी सांगतो. एका निवृत्त बाईंनी दिली. आकृत्या, बाणांची जाळी, समासात मराठी टिपणं. एका जागी अमुक ओळी कशासाठी आहेत ते कळत नाही, पण काढू नयेत, असा शेरा आहे. पानावर ‘१४ जुलै, मंगळवार’ एवढंच, साल नाही. तो वार १९८७, १९९२ आणि १९९८ या तिन्ही सालांत येतो. चार पानं पुढे युरो चलन येत्या जानेवारीत सुरू होणार असल्याचा उल्लेख आहे, म्हणून मी १९९८ धरलं आहे. अशा वह्या, छापील लिस्टिंगचे गठ्ठे, कार्डांच्या पेट्या पुण्यातल्या माळ्यांवर आणखी असतील. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी कुणी त्या इतिहासाच्या अभ्यासकाला दाखवल्या, तर त्यांची तारीख लावण्याचं काम मी आनंदाने करीन.