दाखल्याची वाटचाल

विहाराच्या वर्धापनदिनी मागे वळून पाहताना धम्माच्या वाटचालीबरोबर आम्हाला आणखी एक वाटचाल आठवते. ती म्हणजे जातीच्या दाखल्याची. बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीत घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडतात. "आजोबांचा शाळेचा दाखला कुठाय?" अहो, आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, तर दाखला येणार कुठून?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते अवघे अडीच हजार. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. आपल्या माणसांनी छाती पुढे काढून 'बौद्ध' लिहिलं.

पण त्याची किंमतही मोजली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असावा अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख धर्म जोडला गेला. बौद्ध बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून गावानं विहीर खुली केली नाही, सवलत तेवढी गेली. १९६० साली महाराष्ट्र सरकारनं नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राचं दार बंदच. मग एकाच घरात एक भाऊ शाळेत 'बौद्ध' आणि दुसरा 'हिंदू महार' लागला. पोटापुढं माणूस काय करणार? आम्ही कुणाला दोष देत नाही.

१९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेनं तो आदेश दुरुस्त केला आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी!

पुढं खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्या नेमायला सांगितलं. राज्याचा जात पडताळणीचा कायदा २००१ पासून लागू झाला. जात सिद्ध करण्याची जबाबदारी त्यानं अर्जदारावरच टाकली. म्हणून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. खोटं करणारे दुसरेच, हेलपाटे मात्र आपल्याला.

पुरावा सापडतो तो कुठं? गावच्या कोतवाल बुकात, जन्ममृत्यूच्या नोंदीत. महार वतनाच्या जुन्या कागदात. तिथं आजोबांचं आडनाव नसतं, नुसतं 'अमक्या वल्द तमक्या', आणि पुढं जात. ज्या शब्दानं गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, तोच शब्द आज नातवाच्या शिक्षणासाठी शोधावा लागतो. काही तरुणांना याची लाज वाटते. आम्ही म्हणतो, लाज आपण का बाळगावी? ज्यांनी तसं लिहिलं आणि वागवलं, त्यांनी बाळगावी. धर्म आपला बौद्धच. तो कागद झालेल्या अन्यायाचा साक्षीदार आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, म्हातारी माणसं आहेत तोवर गाव, तालुका, पणजोबांचं नाव विचारून वहीत लिहून ठेवा. गावी गेलात की नोंदीची नक्कल काढून आणा. घरात वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र झालं असेल, तर त्याची प्रत भावकीत सर्वांना द्या. पडताळणीत ती मोठ्या कामाची असते. एकाच्या पेटीतला कागद दहा पोरांचं शिक्षण वाचवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!