महामार्ग ६६

६६ क्रमांकाचा महामार्ग : शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंतचा हा सुमारे ३,९०० किलोमीटरचा अमेरिकी रस्ता १९२६ साली आखला गेला. महामंदीच्या काळात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा, मिसुरी इथली हजारो कुटुंबे याच वाटेने कॅलिफोर्नियाला गेली. धुळीच्या वादळांनी त्यांना हुसकावले, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्यांतली बरीच वादळी पट्ट्याबाहेरची, कापूस पिकवणारी कुळे होती. कापसाचे भाव कोसळले. लागवड घटवण्यासाठी सरकारने दिलेला पैसा बहुतांशी जमीनमालकांच्या हाती राहिला. ट्रॅक्टर आले आणि कुळांना जमीन सोडावी लागली. जुन्या मोटारीच्या टपावर गाद्या बांधायच्या, पुढे पाण्याची कॅनव्हासची पिशवी टांगायची आणि मोहावीचे वाळवंट उन्हाच्या धास्तीने रात्रीच ओलांडायचे, असा हा प्रवास. १९३६ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर नाकी बसवून निर्धनांना माघारी धाडले, तेही त्यांच्याच देशात! परराज्यातील निर्धन माणसाला कॅलिफोर्नियात आणणे गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये रद्द केला. — संपादक