दात तारेवरून सरकतो तेव्हा

पनवेलच्या एका शाळेत घर्षणावर बोलायला गेलो होतो. ठोकळा, वजने, ताणकाटा असा नेहमीचा सरंजाम मांडून झाला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, माझ्या दातांवरची तार सरकते की दात सरकतो?" तालुक्यात कामोठ्याला आणि खारघरला दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, दातांना तारा लावलेली मुले वर्गात नवी नाहीत. प्रश्न मात्र मला नवा होता.

सुळा मागे न्यायचा असेल तेव्हा बहुधा तार जागेवर राहते आणि दात तिच्यावरून सरकतो, दांडीवरून पडद्याची कडी सरकावी तसा. दातांची गर्दी असेल तर एक उपदाढ काढतात आणि त्या मोकळ्या जागेत सुळा ओढतात. ओढायला आधार मागच्या दाढेचा. न्यूटनचा तिसरा नियम येथेही सुटत नाही. सुळ्याच्या वाट्याचे बल घर्षणाने खाल्ले म्हणून ओढ वाढवावी, तर दाढच पुढे येऊ लागते. निरोगी दात काढून मिळवलेली जागा भलत्याच बाजूने भरून जाते.

या घर्षणाचा इतिहास अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांच्यापासून सांगता येतो. त्यांनी 1928 मध्ये दातावर बसवायच्या ब्रॅकेटला 0.022 इंच, म्हणजे 0.56 मिलिमीटर उंचीची आडवी खाच दिली. तीत चौकोनी छेदाची तार बसते, त्यामुळे दाताचे मूळसुद्धा हवे तसे वळवता येते. पण जितकी पकड घट्ट, तितके सरकणे अवघड. अँगल यांना ही अडचण फारशी जाणवली नसावी, असे मला वाटते. दात काढण्याला त्यांचा कडवा विरोध होता. मग दात लांबवर सरकवण्याचा प्रसंग येणार कसा?

तो आला त्यांचे शिष्य रेमंड बेग यांच्यावर. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला परतल्यावर बेग दात काढून उपचार करू लागले. अँगल यांचेच एक जुने ब्रॅकेट त्यांनी उलटे करून वापरले. त्यात 0.016 इंचाची गोल तार सैलसर अडकवली. ती धातुतज्ज्ञ विल्कॉक यांनी खास बनवली होती. दात आधी कलता सरकू द्यायचा आणि नंतर उभा करायचा, ही त्यांची युक्ती. 1956 मध्ये त्यांनी ती सविस्तर मांडली. भारतातील दंत महाविद्यालयांत हीच पद्धत अनेक वर्षे शिकवली जात होती.

कलण्याची अडचण नेमकी कोठे आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या नियमाने कळत नाही. आमाँताँ यांनी 1699 मध्ये सांगितले की घर्षण दाबाच्या प्रमाणात असते. परंतु ओढल्यावर दात कलतो, तार खाचेच्या दोन टोकांना टेकते आणि दाब स्वतःच वाढत जातो. टेबलाचा खण एका कोपऱ्याला धरून ओढला की अडकतो, तोच प्रकार. कुसी आणि व्हिटली यांनी 1999 मध्ये या अडकण्याच्या कोनाचे गणित मांडले. स्थूलमानाने ते फळ्यावरही करता येईल: खाच 0.56, तार 0.48, ब्रॅकेटची रुंदी 3 मिलिमीटर. मोकळी जागा 0.08, तिला 3 ने भागले की कोन येतो जेमतेम दीड अंश!

गुळगुळीतपणाचेही तसेच. निकेल-टायटॅनियमची तार बीटा-टायटॅनियमच्या तारेपेक्षा खडबडीत असते, तरी घर्षण जास्त दुसरीचे. ती पोलादी ब्रॅकेटला चिकटू पाहते.

तार खाचेत बांधून ठेवणाऱ्या बारीक तारेचा किंवा रबरी कडीचा दाबही घर्षण वाढवतो. म्हणून स्टोल्झेनबर्ग यांनी 1935 मध्येच अशा बांधणीवाचून चालणारे ब्रॅकेट सुचवले होते. पुढे त्या जातीची ब्रॅकेट बाजारात आली, प्रयोगशाळेत त्यांचे घर्षण खूपच कमी भरले आणि उपचार लवकर संपतील अशी आशा निर्माण झाली. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. बांधणी गेली तरी कलून अडकणे राहतेच. शिवाय दाताच्या पुढचे हाड विरघळावे लागते, मागे नवे भरावे लागते. सुळा महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो.

"म्हणजे अजून किती महिने?" त्या मुलीने विचारले. मोकळी जागा मोजून ये, असे मी तिला सांगितले.