पगारपत्रकाचे रकाने

पगारपत्रक हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. कारकुनाने रकाने आखावेत, मजुराने अंगठा उठवावा आणि बाड फडताळात पडावे, एवढेच त्याचे आयुष्य! पण त्यातला एकेक रकाना मजुरांना भांडून मिळालेला आहे.

तारखेचाच रकाना घ्या. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तेथील अर्जात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती यांच्या जोडीला एक मागणी अशी होती, की मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. मागणीच जर पंधरा तारखेची, तर वहिवाट काय असेल हे सांगावयास नको. एक तारखेला कामावर लागलेला माणूस दीड महिना पैशाचे तोंड पाहत नसे. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज. म्हणजे गिरणी मजुराच्या पैशावर चाले आणि मजूर कर्जावर! रविवार १८९० साली पदरात पडला. तारखेसाठी मात्र १९३६ चा वेतन कायदा यावा लागला: हजाराहून कमी माणसे असतील तेथे सातवी, मोठ्या कारखान्यांत दहावी.

दुसरा रकाना खाड्याचा. मुंबईच्या गिरण्यांत ‘डबल खाडा’ म्हणून एक प्रकार असे. समजा, २६ दिवसांचे २६ रुपये ठरलेत. एक दिवस ताप आला, तर कापायचे दोन रुपये. मागावर कापड बिघडले तर ते विणकराच्याच गळ्यात मारीत आणि किंमत पगारातून वळती करीत. १९३६ च्या कायद्याने बजावले, की जितकी गैरहजेरी तितकीच कपात, आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापलीकडे नाही. मात्र दहा किंवा अधिक जणांनी संगनमताने, नोटीस न देता काम सोडले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा त्याच कायद्यात होती. कायदा कोणाच्या राज्यात झाला, हे अशा कलमावरून ओळखावे.

मार्च १९३७ मध्ये तो लागू झाला, तो कारखान्यांना आणि रेल्वेला. म्हणजे आपल्या चिंचपाड्यावरून जाणाऱ्या रुळांवर राबणारा माणूस त्याच्या छत्राखाली आला, आणि बाजारातल्या दुकानाचा नोकर उघड्यावर राहिला. दुकानांचा आणि किमान वेतनाचा असे दोन कायदे १९४८ साली झाले, ही पुढची गोष्ट.

आज २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, आणि तिच्यातून लहान दुकानही सुटत नाही. महिन्याचा पगार सात तारखेच्या आत, काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत, दंड तीन टक्क्यांच्या आत, सगळी कपात मिळून निम्म्याच्या आत. “माझी चार माणसे, सगळी घरची, वही कशाला?” असे एका दुकानदाराने मला विचारले होते. आपल्याकडे तंटा होतो तो बहुधा उचलीवर. सणाला दिलेले पाचशे मालकाला आठवतात, नोकराला तीनशेच आठवतात. आणि मजुराने पगार बुडाल्याचा दावा लावला, की तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. तेथे घरोबा कामास येत नाही, सही लागते.

शेतावर किंवा घरकामाला पाचांपर्यंतच माणसे ठेवणाऱ्यास वही माफ आहे. मात्र मागणी झाली, की पगार दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो.