साडेनऊ तासांची सही

'टीमस्टर' म्हणजे मूळचा घोडागाडी हाकणारा. अमेरिकेतील या गाडीवानांची संघटना १९०३ साली स्थापन झाली. घोडे जाऊन मोटारी आल्या, तरी तिच्या बोधचिन्हावर दोन घोड्यांची तोंडे कायम राहिली.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये यूपीएस या पार्सल पोचवणाऱ्या कंपनीतील तिचे १,८५,००० सभासद मुख्यतः अर्धवेळ नोकऱ्यांच्या प्रश्नावर पंधरा दिवस संपावर गेले. त्या गर्दीत एकट्याचे नाव कोणी विचारले नाही.

कामाच्या तासांचे मात्र तसे नाही. करारानुसार चालकाने आधी स्वतःचे नाव यादीत नोंदवायचे. मग आठवड्यात तीन दिवस साडेनऊ तासांपेक्षा अधिक काम पडल्यास तक्रार दाखल करायची. हक्क सर्वांनी मिळून मिळवलेला. पण तो बजावायचा थकलेल्या माणसाने, एकट्याच्या सहीने. कामगार-इतिहासात संपांची नोंद होते. या सहीमागचे धैर्य बहुधा नोंदीविनाच राहते.